ब्रीड चुकली

भोयर साहेबांनी आयुष्यात काही विकत घेतलं असं मला आठवत नाही. विकत आपण घेतो. साहेब निवडायचे.

कोथिंबिरीची जुडीसुद्धा ते उजेडाकडे धरून बघत. टरबूज असो, फ्रीज असो, सोफा असो, आधी बोटाच्या पेराने टकटक वाजवून कान लावत. माझ्या नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा भेटायला आले, तर कसं वाटतं हे विचारायच्या आधी त्यांनी प्लॅस्टर वाजवून पाहिलं आणि मला म्हणाले, "मॅडम, हे कोनी निवडलं?" जसं काही आम्ही सीताबर्डीत चार दुकानं फिरून ते प्लॅस्टर पसंत केलं होतं!

हिंगण्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. साहेब तिथे पर्चेस मॅनेजर, मी स्टोअर्समध्ये. त्यांनी मागवायचं आणि आम्ही उतरवून घ्यायचं, असं आमचं नातं. त्यात ते राहायला आमच्या मागच्याच गल्लीत, म्हणजे रविवारीसुद्धा सुटका नाही. नटबोल्टपासून कँटीनच्या झाऱ्यापर्यंत प्रत्येक वस्तूची तीन कोटेशनं यायची, तिन्हींची तुलना व्हायची, आणि मग साहेब खुर्चीत रेलून डोळे मिटायचे. आम्ही श्वास रोखून उभे. डोळे उघडले की म्हणायचे, "निवड बरोबर, तर काम बरोबर. बाकी सब बकवास."

वस्तू चालली की निवड साहेबांची. नाही चालली की खोट वस्तूत. एकदा त्यांनी कँटीनसाठी स्टीलचे पेले निवडले. दिसायला सुरेख, पण चहा ओतला की हातात धरवत नसत. पाळीवर आलेले कामगार रुमालात गुंडाळून चहा प्यायला लागले. तक्रार साहेबांपर्यंत गेली, तर ते म्हणाले, "पेल्यात काही खराबी नाही. लोकाइचे हात नाजूक झाले." 'माझी चूक झाली' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, आणि ऐकलं असतं तर आधी त्यांना दवाखान्यात नेलं असतं.

दिवाळीच्या आसपास त्यांच्या टेबलावर संत्रा बर्फीच्या डब्यांची थप्पी लागायची. माल पुरवणारे लोक आणून द्यायचे. साहेब एकेक डबा उघडून चाखायचे आणि मला म्हणायचे, "खाल्ल्यानं मानूस फुटत नाही, मॅडम. देणाऱ्याले वाटते, फुटला. वाटू द्या नं." आणि खरं सांगते, फुटायचे नाहीत. ज्याची बर्फी सगळ्यात जास्त खाल्ली त्याचाच माल परत पाठवायचे. या एका गोष्टीचा मला आदर होता. नंतर त्याचंही काय झालं ते सांगतेच.

रिटायर झाल्यावर मात्र पंचाईत झाली. घरातलं सगळं आधीच निवडून झालेलं. शोभावहिनींनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, पहिल्याच आठवड्यात मला भाजीवाल्याजवळ गाठलं. "ताई, तुमच्या कंपनीत यायले परत ठेवून घेईन का वं कोनी? काल दिवसभर जिऱ्याचे दाणे उजेडात धरून पाहून राहिले होते."

मी म्हटलं, "तीर्थयात्रेला पाठवा."

"देव निवडतीन तिकडे जाऊन," वहिनी म्हणाल्या.

तीर्थयात्रेऐवजी साहेब पुण्याला पुतण्याकडे गेले आणि तिथून एक खेळ डोक्यात घेऊन आले. प्रोटेक्शन स्पोर्ट. म्हणजे कुत्र्यांची राखणदारीची स्पर्धा. एक माणूस हाताला गादीसारखी जाड बाही बांधून मैदानातल्या आडोशामागे लपतो. कुत्र्याने त्याला हुडकायचं, समोर उभं राहून भुंकायचं, पण तो गप्प उभा असेल तर दात लावायचा नाही. पळाला किंवा अंगावर आला तर बाही गच्च धरायची, आणि मालक 'सोड' म्हणाला की लगेच सोडायची. या सगळ्याला मार्क असतात. आणि जो चावून घेतो त्याला हेल्पर म्हणतात. मी म्हटलं, बापा, याला मदत म्हणायची तर आमच्या स्टोअर्समध्ये सगळे हेल्परच होते.

साहेबांना त्यातले मार्क आवडले. एका संध्याकाळी माझ्या अंगणात उभं राहून म्हणाले, "मॅडम, तीस वर्षं मी निवडत होतो. मले मार्क कोनी देल्ले? इथे जज असतो. तो कागदावर लिहून देते का तुमची निवड कशी आहे." ते बोलताना त्यांचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला होता, आणि मला त्या क्षणी त्यांची खरंच दया आली. पुढे ती टिकली नाही.

हिंगणा रोडपलीकडच्या एका मोकळ्या मैदानावर पंकज नावाचा मुलगा रविवारी सकाळी कुत्री शिकवायचा. काळा गॉगल, दंडावर लांडगा गोंदलेला, आणि गिऱ्हाईक जे म्हणेल त्याला 'हो साहेब'. तरी त्यानेही पहिल्याच दिवशी चाचरत सांगितलं, "साहेब, ब्रीड मागून पाहू. पहिले मायबाप पाहा, पिल्लू पाहा, अन् तुमाले किती वेळ देता येते ते पाहा." साहेबांनी मान हलवली आणि घरी येऊन फक्त ब्रीड पाहिली. या खेळात कुत्र्याला शिकवावं लागतं, ही गोष्टच त्यांना पटत नव्हती. निवड बरोबर असली की कुत्रं शिकूनच येतं, असा त्यांचा हिशेब.

पहिला आला रॉटवायलर. छाती रुंद, जबडा भक्कम, डोकं वाजवलं तर आवाज भरीव. नाव ठेवलं सुलतान. आला तो मार्चमध्ये, आणि नागपूरचा मे महिना काय असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सुलतानने घरातली एक जागा निवडली, कूलरसमोरची, आणि त्या घरात झालेल्या सगळ्या निवडींमध्ये मला तीच सगळ्यात बरोबर वाटली. अडचण एवढीच की ती जागा साहेबांची होती. साहेब जवळ गेले की सुलतान पोटातून असा काही गुरगुरायचा की ते दारातूनच परत फिरायचे. राखणदारी तो मन लावून करत होता, कूलरची. वहिनींनी भाकरीचा तुकडा दाखवला की निमूटपणे उठायचा, आणि तुकडा खाऊन पुन्हा तिथेच पसरायचा. भल्या पहाटे मैदानावर नेलं तरी गाडीखाली जाऊन झोपायचा.

पाऊस लागायच्या आत साहेबांनी तो उमरेड रोडवरच्या कोणा ठेकेदाराच्या फार्महाऊसवर देऊन टाकला. "ब्रीड चुकली," मला म्हणाले. "थंड्या मुलखाचा माल आहे. आपल्या उन्हात चालत नाही."

वहिनी फाटकाशी त्याचं भांडं हातात धरून उभ्या होत्या. भांडं गाडीत ठेवायचं राहून गेलं होतं.

दुसरा जर्मन शेफर्ड. नाव मेजर. हा दिसायला कॅलेंडरवरचा. पाठ उतरती, केस रेशमासारखे, बापाला कुठल्याशा प्रदर्शनात चांदीचा कप मिळालेला. पंकज म्हणालाच, "साहेब, हा शोचा आहे, कामाचा नाही." साहेब म्हणाले, "जो दिसते चांगला, तो असते चांगला." कँटीनचे पेले माझ्या डोळ्यांपुढून गेले. मैदानावर पंकजने चाबूक हवेत फटकारला, तसा मेजर उडी मारून साहेबांच्या दोन पायांच्या मधे शिरला आणि तिथून मान बाहेर काढून बघायला लागला. साहेबांचं रक्षण कोण करणार हा प्रश्न बाजूलाच राहिला, साहेबांनाच त्याचं करावं लागलं. लोक हसले. साहेबांनी त्याला उचलून गाडीत ठेवलं. वजनदार कुत्रं, साहेब काटकुळे. ते दृश्य पाहून मी तर तोंडाला पदर लावला.

"ब्रीड चुकली," साहेब स्टिअरिंगवर बसता बसता म्हणाले. महिन्याभरात मेजर कुहीला, साहेबांच्या धाकट्या भावाकडे गेला. तिथे यांची धानाची शेती आहे. मोकळी हवा, मोठं आंगण, कुत्र्याला काय पाहिजे अजून, असं साहेबांचं म्हणणं.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनी लग्नाला कुहीला जाऊन आल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. चहा दिला, तर घेईनात. "ताई, खळ्यावर खुंट्याले बांधला आहे वं तो. नायलॉनच्या दोरानं. मानेवरचे केस गेले सारे. मले पाहून उठला, अन् भुंकला बी नाही. नुसता पाहून राहिला. मी त्याले काय सांगू, तुह्यावाली ब्रीड चुकली म्हनून सांगू?" आणि त्या अशा रडल्या की मला दरवाजा लोटून घ्यावा लागला. मेजरला परत आणा असं त्या साहेबांना म्हणाल्याही होत्या. साहेब म्हणाले, रिजेक्ट केलेला माल कोणी पुन्हा आत घेतो का?

त्या माणसाचा मला त्या दिवशी इतका राग आला की आठवडाभर मी गल्ली बदलून बाजाराला गेले.

पण वहिनींनीच मला पुन्हा ओढलं. तिसऱ्या निवडीला निघाले तेव्हा म्हणाल्या, "तुमी चाला माह्यासंगं. मले एकटीले पुन्हा जीव लावाची भीती वाटते." भंडाऱ्याच्या पुढे हायवेलगत एक जण बेल्जियन मॅलिनॉइज कुत्री वाढवायचा. पंकजने आधी हात जोडले होते, "साहेब, ही ब्रीड म्हंजे बिना ब्रेकची गाडी. नवीन मानसानं घेऊच नये." साहेबांना राग आला. "नवीन? मी नवीन? दोन कुत्रे होऊन गेले माझे!" जसे काही दोन्ही पदव्या होत्या.

तिथे पिल्लांची परीक्षा घ्यायची होती. पिल्लाच्या मागे अचानक किल्ल्यांचा जुडगा टाकायचा. जे दचकतं पण लगेच येऊन हुंगतं ते धीराचं, असं साहेबांनी मोबाइलवर पाहिलं होतं. आता आमच्याकडे किल्ली होती कारची एकच, ती पडली तर गवतात आवाजही होईना. साहेबांनी त्या माणसाच्या घरातून स्टीलची थाळी मागवली आणि पिल्लांच्या मागे खणकन आपटली.

सगळीच्या सगळी पिल्लं शेपट्या उभारून थाळीवर तुटून पडली. एक सगळ्यांच्या डोक्यावरून उडी मारून पहिलं पोचलं आणि थाळी चाटायला लागलं.

"धीर पाहा, मॅडम! धीर!" साहेब ओरडले.

मी म्हटलं, "साहेब, ते रोज त्याच थाळीत जेवत असतील. जेवणाची वेळ झाली आहे."

कुत्रेवाला आभाळाकडे बघत होता. साहेबांनी पिल्लाचं डोकं बोटाने वाजवलं, कान लावला, डोळे मिटले. झालं, निवड झाली. पिल्लाच्या कागदावर नाव होतं काइझर. परतताना गाडीत ते वहिनींच्या मांडीवर ओकलं, आणि भंडाऱ्याचा पूल यायच्या आत त्याचं नाव बाल्या झालं होतं.

बाल्याने पहिल्या सहा महिन्यांत साहेबांच्या चपला, दोन झाडू, टीव्हीचा रिमोट आणि वाचायचा चष्मा खाल्ला. धावायला लागला की गल्लीत नुसती पिवळी रेघ दिसायची. पण जे खरं ते सांगितलं पाहिजे, कुत्रं निघालं हुशार. पंकज शिकवायचा आणि वहिनी रोज सकाळ-संध्याकाळ ते गिरवून घ्यायच्या, कारण साहेब खुर्ची टाकून फक्त सूचना करायचे. मी पुन्हा एकदा मैदानावर गेले. बाल्या दूरवरून सुटला आणि पंकजच्या बाहीला असा लटकला की पंकज गोल फिरला, तरी सोडेना. साहेब 'सोड' म्हणाले, त्याने तिथल्या तिथे सोडलं आणि बसून पाहत राहिला. मी टाळ्या वाजवल्या. वहिनी डोळ्यांवर पदर घेऊन विचारत होत्या, "लागलं का वं त्या पोट्ट्याले?"

नागपुरात स्पर्धा ठरली ती बाल्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात. वहिनींची झोप उडाली. "साहेबानं सांगून ठेवलं आहे, पास नाही झाला तर ठेवाचा नाही म्हनून. टेकडीच्या गणपतीले जाऊन आली मी. देवाले म्हनलं, पोराच्या बारावीले बी तुले त्रास देल्ला नव्हता. याले तेवढा पास कर." आणि मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, तिसऱ्या बार मले नाही होनार हे." मी त्यांचा हात धरला. सुलतान गेला तेव्हा भांडं राहिलं होतं, मेजरला तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बाल्या गेला असता तर त्या बाईचं काय झालं असतं, या विचाराने मलाही घोर लागला.

आता स्पर्धेचा हेल्पर बाहेरचा असतो, कुत्र्याच्या ओळखीचा नसतो. यंदाचा पुण्याहून आलेला. उंचापुरा, मितभाषी मुलगा. आणि इथे साहेबांच्या डोक्यात तो किडा वळवळला. आयुष्यभर लोकांनी त्यांना बर्फी चारली, आता चारायची पाळी यांची. आयोजकांना फोन करून म्हणाले, "बाहेरचा पाहुना हॉटेलात जेवन? आमच्या नागपुरात? लोक काय म्हनतीन?" आणि स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी त्याला घरी जेवायला बोलावलं. मलाही बोलावलं, पाटवड्या थापायला.

पाटवडी-रस्सा, वडाभात, वर चिंचेचं सार आणि तळलेल्या मिरच्या. पाहुणा मान खाली घालून जेवत होता. बाल्या टेबलाखाली. वहिनी म्हणाल्या, "याले आत बांधून येते." साहेब म्हणाले, "असू दे. घरचा माहोल पाहू दे त्याले." पाहुण्याने विचारलं, "काका, हा कुत्रा उद्या आहे का?" साहेबांनी विषय रश्श्यावर नेला, "आणखी घ्या नं, तर्री घ्या."

मी स्वयंपाकघरात साहेबांना गाठलं. "साहेब, हे बरोबर आहे का? तुम्हीच म्हणायचे, खाल्ल्यानं माणूस फुटत नाही."

"मी नाही फुटत, मॅडम," साहेब हळूच म्हणाले. "सारे मायासारखे असतात का?"

बाहेर आले तेव्हा पाहुण्याचा डावा हात टेबलाखाली होता आणि दोन वडे ताटातून कमी झाले होते. जेवण झाल्यावर तो सोफ्यावर बसला, तर बाल्या त्याच्या मांडीवर डोकं ठेवून घोरायला लागला. साहेब मला डोळ्याने खुणावत होते, बघा बघा, म्हणजे जमलं!

दुसऱ्या दिवशी मैदानावर बरीच गर्दी होती. पंकज गॉगल लावून इकडून तिकडे. वहिनी माझ्या शेजारी, ओठ हलत होते. बाल्या सुटला. पहिला आडोसा, दुसरा, तिसरा, असा वाऱ्यासारखा फिरला की लोक 'वा' म्हणायला लागले. साहेबांनी कॉलर ताठ केली. शेवटच्या आडोशामागे पाहुणा लपला होता. बाल्या तिकडे वळला, आत गेला, आणि आता भुंकणं ऐकू यायला पाहिजे होतं.

काही ऐकू येईना. जज चालत गेला, वाकून बघितलं आणि तसाच उभा राहिला. आम्ही सगळे बाजूला सरकून पाहायला लागलो. बाल्या पाहुण्याच्या पायाला सगळं अंग टेकून बसला होता आणि शेपटीने मैदान झाडत होता. मधूनच तो त्याचा खिसा हुंगायचा.

जजने खूण केली, तसा पाहुणा पळाला. बाल्याला वाटलं, चला, घरी जेवायला. तोही बागडत त्याच्यासोबत पळाला. पाहुणा वळून काठी उगारून ओरडला, तर बाल्याने उडी मारून काठी त्याच्या हातातून अलगद घेतली आणि आणून साहेबांच्या पायाशी ठेवली.

मैदान हसून लोटपोट. पाहुणा फुटला नव्हता. त्याने काठी पूर्ण जोराने उगारली होती. फुटलं ते कुत्रं, आणि तेही दोन वड्यांत. मीही हसले, नाही कसं म्हणू? आणि मग माझ्या मनगटावर वहिनींची बोटं रुतली.

पाहुणा घाम पुसत आला. "काका, कुत्रा चांगला आहे. काल रात्री तुम्ही..."

"ब्रीड चुकली," साहेब म्हणाले. पाहुण्याकडे बघितलंही नाही. "साखळी आण गा, पंकज."

पुढच्या रविवारी सकाळी नागपूरजवळच्या वाडीहून सिक्युरिटी एजन्सीचा माणूस येणार, गोदामावर रात्री बांधायला कुत्रं नेणार, असं ठरलं. साहेबांनी ठरवलं आणि वहिनींना ठरवून झाल्यावर सांगितलं. मी त्या सकाळी पुरणाचं पातेलं परत द्यायचं निमित्त करून गेले. निमित्त कसलं, माझ्याने घरात बसवत नव्हतं.

फाटकाशी मागे जाळी लावलेली छोटी गाडी उभी होती. एजन्सीवाला हाफ जाकीट घालून दारात. साहेबांच्या हातात साखळी. आणि वहिनी सोफ्यावर, बाल्याचा पट्टा मुठीत धरून. त्यांनी त्या माणसाला या म्हटलं नव्हतं की पाणी विचारलं नव्हतं.

"सोड वं," साहेब म्हणाले. "या मानसाले पुढे जायचं आहे."

वहिनींनी मान वर केली. त्यांचा आवाज मोठा नव्हता. "तुमी मले पाह्यले आले होते नं, तवा माह्या बापाच्या आंगणात मले चालाले लावलं होतं. मी चालली. सुईत दोरा ओवून दाखव म्हनलं, ओवला. अक्षर पाह्यलं. अन् मंग पास आहे म्हनून सांगतलं. आता मले एक सांगा. इतक्या वर्सांत माह्यात काय काय खोटा निघाल्या तुमाले, त्या साऱ्या सांगा. या भाऊसमोर सांगा, ताईसमोर सांगा. मायीबी ब्रीड चुकली असन, तर मीबी बसते त्या गाडीत."

एजन्सीवाला आपल्या बुटांकडे बघायला लागला. माझ्या हातात पातेलं होतं, ते मी छातीशी धरलं.

ज्या माणसाला नव्या कोऱ्या पाइपात केसाएवढी खोट दिसायची, तो बायकोकडे बघत उभा होता आणि त्याला एक खोट सापडत नव्हती. मला वाटलं, आता म्हणतात, आता म्हणतात, चुकलं माझं.

कसले म्हणतात! साहेब गर्रकन वळले, बाहेर गेले आणि गाडीची जाळी बोटाने वाजवायला लागले. टकटक. टकटक.

"याचा पत्रा किती गेजचा आहे?"

"काय साहेब?" एजन्सीवाला मागे धावला.

"कडी ढिली आहे. हवेले जागा नाही. हे पाहा, इथे तार निघून राहिली, कुत्र्याच्या डोळ्यात जाईन नं! खाली पोतं तरी टाकलं आहे का?"

"अहो साहेब, वाडीपर्यंत तर न्यायचं आहे. अन् कुत्रंच तर आहे."

"कुत्रंच तर आहे?" साहेबांचा आवाज चिरकला. "रिजेक्ट! गाडी रिजेक्ट. घेऊन जा."

"दुसरी गाडी आणू का?"

"काही आणू नका. तुमच्या एजन्सीचीच क्वालिटी नाही."

एका शब्दाची माफी जिभेवर येईना, म्हणून वाडीच्या एका भल्या माणसाची धडधाकट गाडी रद्द झाली. तो बिचारा शिव्या पुटपुटत निघून गेला. मला हसू आवरेना. वहिनींनी पट्टा सोडला तेव्हा त्यांच्या तळव्यावर बकलचा लाल वळ उठलेला होता.

साहेब आत आले. कोणाकडेही न बघता खुर्चीत बसले, घसा साफ केला, वर्तमानपत्र उलटं-सुलटं केलं. मग म्हणाले, "चहा टाक नं वं."

"तुमी टाका," वहिनी म्हणाल्या.

बाप रे! मी खिडकीबाहेर बघायला लागले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि साहेब उठून स्वयंपाकघरात गेले. बाल्या त्यांच्या मागोमाग.

ते मी पाहिलेले शेवटचे भोयर साहेब, कारण पुढच्याच महिन्यात आम्ही मुलीकडे अमरावतीला राहायला गेलो. दारातून त्यांची पाठ दिसत होती. फळीवर स्टीलच्या डब्यांची रांग, सगळे एका मापाचे, एका कंपनीचे, आत काय आहे ते बाहेरून कळू नये असे. निवड अर्थात साहेबांची. त्यांनी एक डबा काढला, झाकण उघडलं, हुंगलं, परत ठेवला. दुसरा काढला. खाली बाल्या मान वर करून बघत होता.

"साखर कोनत्या डब्यात आहे वं?" आतून आवाज आला.

मी उठायला गेले, तर वहिनींनी माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"बसा ताई," त्या म्हणाल्या. "पाहू द्या. भेटन त्यायले."

आत आणखी एक झाकण उघडलं.